ओटो लिलिएंटाल

ओटो लिलिएंटाल (जन्म : आंक्लाम, पोमेरेनिया, २३ मे १८४८; मृत्यू : बर्लिन, १० ऑगस्ट १८९६) हे जर्मन यंत्र अभियंता, कारखानदार आणि ग्लायडर उड्डाणाचे आद्य प्रवर्तक होते. हवेपेक्षा जड अशा, इंजिन नसलेल्या यंत्रातून पुन्हापुन्हा, ठरवून आणि नोंदी ठेवून उड्डाण करणारे ते पहिले मानव मानले जातात. १८९१ ते १८९६ या काळात त्यांनी सुमारे २,००० उड्डाणे केली. पंखाला किती बाक दिला असता किती उत्थापक बल मिळते, याची त्यांनी केलेली मोजमापे विमानविद्येच्या पायाभूत कामांत गणली जातात. आजही मॉडेल ग्लायडर बनवणारा हौशी माणूस पंखाचा बाक कमीजास्त करून पाहतो, तेव्हा तो लिलिएंटाल यांनी विचारलेलाच प्रश्न नव्याने विचारत असतो.

बालपण आणि शिक्षण

लिलिएंटाल यांचा जन्म बाल्टिक समुद्राजवळच्या आंक्लाम या लहान गावी झाला. आईवडिलांना आठ मुले झाली. त्यांपैकी ओटो, गुस्ताव आणि मारी ही तीनच जगली. वडील १८६१ मध्ये वारले. एका वर्षाने धाकटे असलेले गुस्ताव हे ओटो यांचे आयुष्यभराचे सहकारी ठरले.

आंक्लामच्या आसपासच्या कुरणांत करकोच्यांची मोठी वस्ती होती. हा जड शरीराचा पक्षी वाऱ्याच्या दिशेने तोंड करून काही पावले धावतो आणि मग हवेत उठतो, हे दोघा भावांनी लहानपणीच टिपले होते. शाळकरी वयात त्यांनी लाकडी पट्ट्यांचे पंख हातांना बांधून टेकडीवरून धावण्याचे प्रयोग केले. ते अर्थातच फसले. (पांढऱ्या करकोच्याच्या याच जातीचे पक्षी हिवाळ्यात भारतातही येतात.)

आंक्लाममधील शालेय शिक्षणानंतर ओटो पोट्सडाम येथील तांत्रिक शाळेत शिकले. बर्लिनच्या श्वार्ट्झकॉफ यंत्रकारखान्यात उमेदवारी करून १८६७ मध्ये त्यांनी बर्लिनच्या औद्योगिक अकादमीत प्रवेश घेतला आणि १८७० मध्ये ते यंत्र अभियंता झाले. लगेचच सुरू झालेल्या फ्रान्स-प्रशिया युद्धात त्यांनी सैनिक म्हणून भाग घेतला.

व्यवसाय

उड्डाण हा लिलिएंटाल यांचा चरितार्थ कधीच नव्हता. खाणकामाच्या यंत्रावर काम करीत असताना सॅक्सनीत त्यांची आग्नेस फिशर यांच्याशी ओळख झाली आणि १८७८ मध्ये दोघांचा विवाह झाला. त्यांना चार मुले झाली. १८८० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी बर्लिनमध्ये स्वतःचा कारखाना काढला. नागमोडी नळ्यांचा, स्फोटाचा धोका कमी असलेला वाफेचा बाष्पक हे या कारखान्याचे मुख्य उत्पादन होते. १८९० पासून त्यांनी नफ्यातील चौथा हिस्सा कामगारांना वाटण्यास सुरुवात केली. त्या काळात ही गोष्ट विरळाच होती.

क्वार्ट्झची वाळू, खडू आणि जवसाचे तेल यांपासून मुलांच्या खेळण्यासाठी विटा बनवण्याची कृतीही या दोघा भावांचीच. पैशाच्या अडचणीमुळे त्यांनी ती फ्रीड्रिख आडॉल्फ रिश्टर या उद्योजकाला विकली आणि अँकर या नावाने त्या विटा जगभर खपल्या. नाटकाचीही ओटो यांना आवड होती. बर्लिनमधील एका नाट्यगृहाच्या व्यवस्थापनात त्यांनी भाग घेतला आणि एक सामाजिक नाटकही लिहिले.

पंखाच्या बाकाची मोजमापे

लिलिएंटाल यांच्यापूर्वी हवेच्या बलाचा हिशोब बहुधा सपाट पाट्यावरून केला जात असे. त्या हिशोबाप्रमाणे माणसाला उडण्यासाठी अशक्यप्राय शक्ती लागली असती. पक्ष्याचा पंख मात्र सपाट नसतो. आडवा छेद घेतला तर तो वरच्या बाजूला किंचित फुगलेला दिसतो. पंखाच्या पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत सरळ रेषा ओढली, तर पंखाची कमान या रेषेच्या जितकी वर जाते, तितका त्याचा बाक किंवा कॅम्बर. हा बाक पंखाच्या रुंदीच्या अपूर्णांकात सांगतात.

१८६० च्या दशकाच्या अखेरीपासून दोघा भावांनी या बाकाचा परिणाम मोजण्यास प्रारंभ केला. त्यासाठी त्यांनी रहाटासारखे फिरणारे उपकरण बांधले. उभ्या दांड्याभोवती फिरणाऱ्या आडव्या भुजांच्या टोकांना वेगवेगळ्या आकारांचे पाटे बसवायचे, वजने खाली सोडून भुजा फिरवायच्या आणि पाट्यांवर निर्माण होणारे बल तोलून पाहायचे, अशी ही पद्धत होती. १८७४ मध्ये उघड्या माळावर नैसर्गिक वाऱ्यात मोजमापे घेण्यात आली. पुढे संसार आणि धंदा यांमुळे हे काम मागे पडले. १८८८ मध्ये बर्लिनजवळच्या लिश्टरफेल्डे येथे ते पुन्हा सुरू झाले. याच सुमारास घराच्या अंगणात करकोच्याची पिले पाळून त्यांच्या पंखांचेही निरीक्षण करण्यात आले.

या प्रयोगांतून निघालेले मुख्य निष्कर्ष असे की, सपाट पाटा वाऱ्याला समांतर धरला असता त्याच्यावर उत्थापक बल मुळीच येत नाही, पण बाकदार पंख तशाच स्थितीतही वर उचलला जातो. लहान कोनांत तर बाकदार पंखावरील एकूण बल किंचित पुढे झुकलेले असते, म्हणजे रोध अपेक्षेपेक्षा फारच कमी असतो. पंखाच्या रुंदीच्या एक बारांश बाक सर्वांत लाभदायक आहे, असे लिलिएंटाल यांना आढळले. प्रत्येक कोनासाठी उत्थापक बल आणि रोध एकाच आलेखावर मांडण्याची त्यांनी वापरलेली पद्धत आजही विमानाच्या पंखांचे गुण सांगण्यासाठी वापरतात.

या मोजमापांत दोषही होते. फिरत्या भुजेने ढवळलेल्या हवेतूनच दुसरी भुजा जात असल्याने रहाटावरील आकडे थोडे उणे येत. उघड्या माळावरचे आकडे अधिक येत, त्यावरून वारा सरासरी सुमारे तीन अंश वर चढतच वाहतो असा निष्कर्ष त्यांनी काढला. तो पुढे टिकला नाही. परंतु आकडे, उपकरण आणि कार्यपद्धती ही तिन्ही छापून ठेवलेली असल्यामुळे हे दोष इतरांना शोधता आले आणि दुरुस्तही करता आले. त्यांच्या कामाचे खरे मोल या उघडेपणात आहे.

१८८९ मध्ये हे सर्व काम डेर फोगेलफ्लूग आल्स ग्रुंडलागे डेर फ्लीगेकुन्स्ट (अर्थ : उड्डाणकलेचा पाया म्हणून पक्ष्यांचे उड्डाण) या ग्रंथात प्रसिद्ध झाले. सुरुवातीला या ग्रंथाचा खप अगदी थोडा होता.

ग्लायडर आणि उड्डाणे

१८९१ च्या उन्हाळ्यात पोट्सडामजवळच्या डेर्विट्झ येथे लिलिएंटाल यांनी पहिली यशस्वी उड्डाणे केली. अंतर होते जेमतेम २५ मीटर. पुढील दोन वर्षांत त्यांनी बर्लिनच्या श्टेग्लिट्झ भागात सराव केला. १८९३ पासून राइनो गावाजवळच्या उघड्या टेकड्यांवर ते जाऊ लागले आणि तेथे त्यांनी २५० मीटरपर्यंत मजल मारली. १८९४ मध्ये लिश्टरफेल्डे येथे वीटभट्टीच्या टाकाऊ मातीचा १५ मीटर उंचीचा शंकूच्या आकाराचा ढीग त्यांनी उड्डाणासाठी सिद्ध करवून घेतला. ढीग चोहीकडून सारखाच उतरता असल्यामुळे वारा कोणत्याही दिशेने आला तरी त्याच्याकडे तोंड करून धावता येत असे.

टेकडीवर आपटणारा वारा वर वळतो आणि त्या वर चढणाऱ्या हवेवर पंख तरंगत राहतो, हे तत्त्व या उड्डाणांमागे होते. पालघर जिल्ह्यातील वाचकाला ते समजण्यासाठी राइनोला जाण्याची आवश्यकता नाही. डहाणूच्या किनाऱ्यावरून दुपारी आत येणारा समुद्री वारा पूर्वेकडच्या डोंगरांना अडतो. महालक्ष्मीच्या गडासारख्या सुळक्याच्या वाऱ्याकडील अंगाला घार पंख न हलवता बराच वेळ एका जागी टिकून राहू शकते, ती याच चढत्या हवेच्या आधारावर. लिलिएंटाल यांनाही जोरदार वाऱ्यात काही क्षण हवेत जागच्या जागी थांबता आले होते.

त्यांची यंत्रे विलोच्या (वाळुंजाच्या) काठ्या आणि सुती कापड यांची असत. सर्वांत प्रसिद्ध यंत्र १८९४ चे. पंखांचा विस्तार सुमारे ६.७ मीटर, क्षेत्रफळ १३ चौरस मीटरच्या आसपास आणि वजन सुमारे २० किलोग्रॅम. पंख वटवाघळाच्या पंखाप्रमाणे मिटवता येत. कापडाला शिवलेल्या खोबणींत बाकदार पट्ट्या सरकवून पंखाचा आकार पक्का केला जाई. त्यामुळे पट्टी बदलली की बाकही बदलत असे. हे यंत्र ५०० मार्क किमतीला विक्रीस ठेवण्यात आले आणि किमान नऊ यंत्रे विकली गेली. ग्राहकांत रशियन शास्त्रज्ञ निकोलाय झुकोव्हस्की, ब्रिटिश अभियंता पर्सी पिल्चर आणि अमेरिकन वृत्तपत्रमालक विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांचा समावेश होता. अशा प्रकारे मालिकेने तयार होऊन विकले गेलेले हे पहिलेच उड्डाणयंत्र होय. १८९५ मध्ये त्यांनी एकावर एक असे दोन पंख असलेले ग्लायडरही उडवले.

उड्डाणांची शंभराहून अधिक छायाचित्रे उपलब्ध आहेत. छपाईतंत्र नुकतेच सुधारले असल्याने ती देशोदेशींच्या नियतकालिकांत झळकली आणि माणूस उडू शकतो यावर लोकांचा विश्वास बसू लागला. एवढ्या उड्डाणांत मिळून ते हवेत होते मात्र केवळ पाच तासांच्या आसपास.

बाक आणि तोल

बाकामुळे उत्थापक बल वाढते, पण त्याची किंमत द्यावी लागते. बाकदार पंखाचा नेहमीच्या उड्डाणातील कोन कमी झाला की त्यावरील बलाचे केंद्र मागे सरकते आणि पंख नाक खाली घालू पाहतो. नाक खाली गेले की कोन आणखी कमी होतो, केंद्र आणखी मागे जाते आणि ग्लायडर पालथा पडतो. बाक जितका अधिक, तितकी ही ओढ अधिक. ग्रंथात एक बारांश बाकाची शिफारस करणाऱ्या लिलिएंटाल यांनी प्रत्यक्ष यंत्रांत बाक त्याहून कमी, म्हणजे एक पंधरांश ते एक अठरांश इतका ठेवला. रहाटावर उत्तम ठरलेला पंख हवेत उत्तम ठरेलच असे नाही, हे त्यांना अनुभवाने कळले होते.

उपाय दोन आहेत. पहिला म्हणजे मागे आडवे शेपूट बसवून त्याची मागची कड किंचित वर ठेवणे. फ्रेंच संशोधक आल्फोंस पेनो यांनी १८७१ मध्येच रबराच्या पिळावर चालणाऱ्या छोट्या मॉडेलमध्ये हे दाखवले होते. लिलिएंटाल यांनी शेपटाचा मार्ग स्वीकारला. त्यांचे शेपूट वरच्या दिशेने मोकळेपणी उचलले जाई, खाली मात्र अडे. पुढचे-मागचे आणि डावे-उजवे संतुलन त्यांनी बव्हंशी शरीराच्या हालचालीवर सोपवले. पायलट काखेखालच्या आधारावर टेकून लोंबकळत असल्यामुळे पाय झोकून वजन हलवण्यास फारच थोडा वाव होता. हीच या यंत्राची मोठी उणीव.

दुसरा उपाय पंखातच असतो. पंखाचा पुढचा भाग नेहमीसारखा बाकदार ठेवून मागची कड अलगद वर वळवायची. या उलट्या बाकाला रिफ्लेक्स म्हणतात. वर वळलेली कड शेपटाचे काम करते, नाक खाली जाऊ देत नाही; मात्र त्याबरोबर थोडे उत्थापक बलही गमवावे लागते. हा उपाय लिलिएंटाल यांच्या पश्चात, पण त्यांच्याच यंत्रांच्या वाटेने पुढे आला. त्यांच्या मृत्यूनंतर ऑस्ट्रियातील एट्रिख कुटुंबाने त्यांचे ग्लायडर विकत घेतले. ते जसेच्या तसे वापरणे धोक्याचे वाटल्याने इगो एट्रिख जावा बेटांकडील झानोनिया वेलीच्या बियांकडे वळले. या बीला कागदासारखा पातळ पंख असतो, त्याची मागची कड वर वळलेली असते आणि शेपूट नसूनही ते तोल न जाता दूरवर तरंगत जाते. त्या धर्तीवर १९०४ मध्ये बिनमाणसाचा, तर १९०६ मध्ये माणसासह उडणारा शेपूटविरहित ग्लायडर तयार झाला.

डहाणू आणि तलासरीच्या जंगलपट्ट्यात, तसेच कोकणात इतरत्र आढळणाऱ्या टेटूच्या लांब, तलवारीसारख्या शेंगा उकलल्यावर असेच पातळ पंखांचे बी बाहेर पडते आणि वाऱ्यावर तरंगत जाते. झानोनिया मिळणे कठीण. टेटूचे बी उंचावरून सोडून पाहणे मात्र या भागातील कोणत्याही विद्यार्थ्याला शक्य आहे.

मॉडेल ग्लायडरच्या छंदात हे दोन्ही उपाय आज रोजचे झाले आहेत. कागदी विमान नाकावर पडत असेल तर पंखाची मागची कड नखाने किंचित वर वळवतात, तो रिफ्लेक्सच. रेडिओ नियंत्रित ग्लायडरमध्ये मागच्या कडेची पट्टी काही मिलिमीटर खाली केली की बाक वाढतो आणि ग्लायडर सावकाश, कमी वेगाने खाली येत चढत्या हवेत घिरट्या घालतो. तीच पट्टी मिलिमीटर-दोन मिलिमीटर वर केली की बाक कमी होऊन ग्लायडर वेगाने वारा कापत पुढे जातो. शेपूट असलेल्या ग्लायडरमध्ये हा बदल वेगासाठी, तर शेपूट नसलेल्यात तोलासाठी असतो. हा भेद नवशिक्याच्या ध्यानात सहसा उशिरा येतो.

अपघात आणि मृत्यू

१८९४ मध्ये एका उड्डाणात ग्लायडर कोसळला होता. पुढे बसवलेल्या विलोच्या कमानीने आघात सोसला आणि लिलिएंटाल बचावले. ९ ऑगस्ट १८९६ रोजी, रविवारी, ते राइनोजवळच्या श्टोलन येथील गोलेनबर्ग टेकडीवर आपल्या नेहमीच्या एकपंखी ग्लायडरने उड्डाण करीत होते. मेकॅनिक पाउल बायलिश सोबत होते. या वेळी यंत्राला ती कमान नव्हती. उन्हाने तापलेल्या जमिनीवरून उठलेल्या हवेच्या झोतात ग्लायडरचे नाक वर गेले आणि यंत्र हवेत थबकले. शरीर पुढे झोकूनही लिलिएंटाल यांना ते सावरता आले नाही. सुमारे १५ मीटरवरून ते खाली कोसळले. मानेचा मणका मोडला होता. दुसऱ्या दिवशी बर्लिन येथे रुग्णालयात त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय ४८ वर्षे होते. लांकविट्झच्या दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले.

अपघातानंतर त्यांचे यंत्रच मुळात असंतुलित असल्याचा समज रूढ झाला. आंक्लामच्या संग्रहालयाने मूळ आराखड्याप्रमाणे बांधलेल्या प्रतिकृतीची जर्मन अवकाश आणि विमानविद्या केंद्राने २०१६ मध्ये नेदरलँड्समधील मोठ्या वातबोगद्यात चाचणी घेतली. नेहमीच्या उड्डाणात हा ग्लायडर स्थिर राहतो, असे त्यात दिसून आले. दोष होता तो नियंत्रणाच्या अपुऱ्या साधनांत.

प्रभाव

लिलिएंटाल यांच्या निधनाच्या बातमीने अमेरिकेत सायकलींचा व्यवसाय करणाऱ्या विल्बर आणि ऑर्व्हिल राइट या बंधूंचे लक्ष उड्डाणाकडे पुन्हा वेधले. अभियंता ऑक्टेव्ह शनूट यांच्यामार्फत लिलिएंटाल यांचा उत्थापक बलाचा तक्ता त्यांच्यापर्यंत पोहोचला. १९०१ च्या ग्लायडरला राइट बंधूंनी एक बारांश बाक दिला. यंत्र मनासारखे वागेना, तेव्हा प्रयोगाच्या जागीच तारा ओढून त्यांनी बाक एक एकोणिसांशपर्यंत उतरवला आणि नियंत्रण लगेच सुधारले. तरीही उत्थापक बल अपेक्षेपेक्षा बरेच कमी भरत होते. त्याच वर्षी त्यांनी छोटा वातबोगदा बांधून सुमारे २०० आकारांचे लहान पंख तपासले. तेव्हा असे आढळले की चूक मुख्यतः हवेच्या दाबाच्या जुन्या, प्रचलित गुणकात होती. लिलिएंटाल यांचा तक्ता त्यांनी तपासलेल्या पंखाच्या आकारापुरता पुष्कळ अंशी बरोबर होता. १९०२ चा ग्लायडर अधिक लांब, अरुंद आणि कमी बाकाच्या पंखांचा झाला, आणि त्यातूनच १९०३ चे इंजिनयुक्त विमान साकारले.

पर्सी पिल्चर यांनी लिलिएंटाल यांच्याकडे प्रत्यक्ष शिकून ब्रिटनमध्ये काम पुढे नेले. १८९९ मध्ये त्यांचाही ग्लायडर अपघातातच अंत झाला.

महाराष्ट्राच्या संदर्भात

लिलिएंटाल उड्डाणे करीत असतानाच, १८९५ मध्ये, मुंबईत शिवकर बापूजी तळपदे यांनी मरुत्सखा नावाचे मानवरहित यंत्र उडवल्याचा दावा मराठी वाचकांच्या परिचयाचा आहे. या दाव्याला आधार देणारे समकालीन मोजमाप, छायाचित्र किंवा आराखडा आजवर पुढे आलेला नाही. त्यामुळे दोघांची तुलना करताना कोणाचे यंत्र आधी, या प्रश्नापेक्षा कोणाच्या कामाची पडताळणी इतरांना करता येते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

महाराष्ट्रात ग्लायडर उड्डाणाचे प्रशिक्षण पुण्यातील हडपसर येथील शासकीय केंद्रात दिले जात आले आहे. लोणावळ्याजवळच्या कामशेत परिसरात पॅराग्लायडिंग चालते. टेकडीच्या उतारावरून वाऱ्याकडे धावत जाऊन हवेत उठण्याची तेथील रीत मुळात लिलिएंटाल यांचीच आहे.

स्मारके

लिश्टरफेल्डे येथील मातीच्या टेकडीवर १९३२ मध्ये स्मारक उभारण्यात आले. आंक्लाम येथे त्यांच्या नावाचे संग्रहालय आहे. बर्लिनच्या टेगेल विमानतळाला १९८८ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले होते. तो विमानतळ २०२० मध्ये बंद झाला. श्टोलन येथे, जेथे ते कोसळले त्या टेकडीच्या पायथ्याशी, पूर्व जर्मनीच्या विमान कंपनीचे इल्युशिन-६२ जातीचे मोठे प्रवासी विमान २३ ऑक्टोबर १९८९ रोजी गवताच्या आखूड धावपट्टीवर उतरवण्यात आले. ते आजही तेथेच उभे आहे. आग्नेस लिलिएंटाल यांच्या स्मरणार्थ त्याला लेडी आग्नेस असे नाव देण्यात आले आहे.